पिचरशी बोलायचं नसतं

माझ्या वडिलांनी बेसबॉलमध्ये किती बॅटर बाद केले, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. सगळे विचारतात ते कोंबडीचं नाव.

मिसेस टिब्स. एका उन्हाळ्यात ती मैदानाच्या कुंपणाखालून आत शिरली आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, आपल्या पाळीची वाट बघत बसतात त्या बाकाखाली तिने अंडं घातलं. हॉलिस प्रुइट, म्हणजे माझा पॉप, तिला काखोटीला मारून थेट मैदानात गेला. अवघड बॅटर समोर आला की तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, तिचं उत्तर ऐकल्यासारखी मान डोलवायचा, तिला बाकाकडे परत पाठवायचा आणि मग बॉल टाकायचा. एकदा अंपायरने दोघांनाही मैदानाबाहेर काढलं. तेव्हा पॉप म्हणाला होता, मला काढा, माझं काही म्हणणं नाही, पण तिने काय केलंय? हे वाक्य पेपरात छापून आलं. तेव्हापासून पॉपचा डाव्या हाताचा वळणारा बॉल, ज्याने भल्याभल्यांना हवेत बॅट फिरवायला लावली होती, तो कोंबडीच्या पंखाखाली गेला तो गेलाच.

कोंबडी कधीच मेली. पण पॉप दूध आणायला दुकानात गेला तरी मागून कुणीतरी ‘पकपकाक’ करतं. मग तोही वळून पकपकाक करतो. हसायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये, असं त्याचं म्हणणं.

आई गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. माझा नवरा वेड मक्याच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करतो. आमच्या तान्ह्या जूनला दात येतायत, त्यामुळे आमच्या घरात धड कुणीच झोपत नाही. या गडबडीत वसंतात कधीतरी माझ्या लक्षात आलं की पॉपचा डावा हात मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरतो. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पॉपने ते ऐकून घेतलं, गाडीत बसला आणि म्हणाला, “गावात बोलू नकोस.” बाकी काही नाही.

बोलायची गरजच पडली नाही. एका सकाळी नाक्यावरच्या डायनरमध्ये त्याच्या हातातला कॉफीचा मग हिंदकळला. कॉफी बशीत, टेबलावर, शर्टावर सांडली. सगळ्या डायनरने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हॉलिसने नवीन नक्कल काढली. पॉपने उठून वाकून सलाम केला. घरी आल्यावर मी त्याचा शर्ट भिजत घातला आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. लोक वाईट नव्हते. हीच तर पंचाईत होती. आजार वाढत जाणार आणि हे प्रेमाने हसत राहणार.

अशात गावच्या बेसबॉल टीमच्या ऑफिसातून केंड्रा नावाच्या मुलीचा फोन आला. ऑगस्टमधल्या एका रविवारी ‘कोंबडी दिवस’ करायचा आहे, येणाऱ्यांना मान हलवणारा हॉलिसचा छोटा बाहुला वाटायचा आहे, काखेत कोंबडी असलेला. खऱ्या हॉलिसने खरी कोंबडी घेऊन यावं आणि सामन्याआधी मानाचा पहिला बॉल टाकावा. मी नाही म्हणणार तेवढ्यात पॉपने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यात पकपकाक केलं.

मी त्याच्याशी भांडले. भरल्या मैदानात हात थरथरेल, म्हटलं, आणि सगळं गाव पोट धरून हसेल. तो म्हणाला, हसू देत. मग जूनला खेळवत बसला.

त्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर पॉप सिंकपाशी उभा राहून खात होता. पीनट बटर आणि कच्चा कांदा, दोन पावांमध्ये. मी कॉफी विचारली. तो बोलला नाही. जूनने त्याच्याकडे हात पसरले, त्याने बघितलं नाही. पुढे बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मी विचारलं, आज वार कोणता, पॉप? तो खिडकीबाहेर बघत चावत राहिला.

मग मला स्वेटर दिसला. ऑगस्टच्या त्या उकाड्यात त्याने आईने विणलेला लोकरी स्वेटर अंगावर घेतला होता, पण एकच बाही घातलेली. डावी. उजवी बाही पाठीवर लोंबत होती.

मी गप्प बसले. पिचर पाळीच्या दिवशी हात गार पडू देत नाही. आणि पाळीच्या दिवशी पिचरशी बोलायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, आणि बेसबॉल खेळलेल्या माणसाला सांगावंही लागत नाही. चाळिशी उलटल्यावरही पॉप आमच्या गावच्या टीमकडून खेळायचा. त्याच्या पाळीच्या दिवशी आई टोस्टर लावायची नाही, पाव टणकन उडतो म्हणून. आम्ही मुलं मोजे घालून चालायचो. जगाला हसवणारा माणूस त्या दिवशी आमच्या घरात दगडासारखा फिरायचा.

म्हणजे तो आज खरंच पिच करणार होता. नक्कल नव्हे. माझी भीती गेली आणि तिच्या जागी मोठी भीती आली. नकलेला लोक हसले तर त्याचं काही जात नव्हतं. आज तो मनापासून टाकणार आणि ते तरीही हसणार. आणि जाऊ नकोस म्हणायचं, तर बोलायलाच बंदी.

मी जूनला मागच्या सीटवर बांधलं आणि गाडी काढली. वाटेत कुणी काही बोललं नाही. जूनसुद्धा झोपली.

मैदानावर केंड्रा पिंजरा घेऊन दारातच उभी होती. ही आजची तुमची हिरॉईन, कुठल्याशा फार्मवरून मागवली, असं काय काय ती पॉपला सांगत राहिली. पॉप तिच्या शेजारून पुढे निघून खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

“बरं नाहीये का त्यांना?” तिने मला विचारलं.

“बरं आहे. फक्त त्याच्याशी बोलू नका.”

“का?”

“आज तो पिच करणार आहे.”

केंड्राला हसू आलं. एकच तर बॉल आहे, म्हणाली, आणि तोही गवतावरून, चार पावलं पुढे येऊन टाकतात सगळे. पण बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेल्या एका पोरगेल्या खेळाडूने माझं बोलणं ऐकलं होतं. त्याने पॉपकडे पाहिलं, त्या एका बाहीच्या स्वेटरकडे पाहिलं, आपला ग्लव्ह उचलला आणि निमूट दूर सरकला. त्याच्या शेजारचाही सरकला. बघता बघता पॉपच्या भोवतालचा बाक मोकळा झाला. कुणीतरी गाणी बंद केली. आता आवाज होता तो फक्त पिंजऱ्यातल्या कोंबडीचा, आणि पिंजरा होता माझ्या हातात, कारण केंड्राने तो मला धरायला दिला होता. दुसऱ्या कडेवर जून.

लाउडस्पीकरवरून पॉपचं नाव पुकारलं गेलं आणि निवेदकाने सगळ्यांना कोंबडीसारखं ओरडायला सांगितलं. सगळं मैदान पकपकाक करू लागलं. पॉपने स्वेटर काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि गेला. कोंबडीकडे पाहिलंही नाही. केंड्रा तिच्यासाठी माझ्याकडे धावली. मी पिंजरा पाठीमागे घेतला. त्या मुलीला माझ्याविषयी काय वाटलं असेल ते वाटो.

पॉप गवतावर थांबला नाही. तो मातीच्या उंचवट्यावर चढला, थेट वर, पिचर जिथे पाय रोवतो त्या पट्टीपर्यंत. बॉल हातात घेतला आणि हात थरथरू लागला. लांबूनही दिसत होतं. स्टँडमधून हसण्याची लाट आली. मी जूनच्या केसांत तोंड खुपसलं.

कॅचर ओस्वाल्डो रीतीप्रमाणे बराच पुढे येऊन उभ्यानेच झेल घ्यायच्या बेतात होता. पॉपने त्याला हाताने मागे सारलं. तो थोडा मागे गेला. पॉपने पुन्हा खूण केली. ओस्वाल्डो पार आपल्या जागी गेला, तोंडावर जाळी ओढली आणि उकिडवा बसला. मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून त्याने विचारलं, कोणता बॉल? पॉपने मान हलवली, नाही. दुसरा? नाही. लोक हसत होते. तिसऱ्याला पॉपने होकार दिला.

बॉल कॅचरपुढे जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटच्या अलीकडेच मातीत आपटला. लोकांनी हसून टाळ्या पिटल्या. फोटोवाला पुढे सरसावला, कारण इथे सगळं संपतं. हस्तांदोलन, फोटो, घरी. पण ओस्वाल्डो उठला नाही. त्याने बॉल मांडीवर पुसला आणि पॉपकडे परत फेकला, रोज कुठल्याही पिचरला फेकतो तसा.

फोटोवाला मधेच थांबला. कडेला घड्याळ बघत उभा असलेला अंपायर आता चालत आला, खिशातून छोटा ब्रश काढून त्याने प्लेटवरची माती झाडली आणि ओस्वाल्डोच्या पाठीमागे वाकून उभा राहिला.

हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. पॉपने पाय उचलला. अडुसष्ट वर्षांचा गुडघा, जेवढा वर येईल तेवढा. हात मागे गेला तोवर थरथरत होता. पुढे आला तेव्हाचं मला सांगता येणार नाही, मी बॉल बघत होते. तो हळू होता, लाजिरवाणा हळू, पण प्लेटजवळ पोचता पोचता तो वळला. ओस्वाल्डोने तो प्लेटच्या काठावर झेलला आणि ग्लव्ह जागचा हलू दिला नाही.

अंपायर तसाच वाकलेला राहिला. मग उठून म्हणाला, “बॉल. बाहेर.” म्हणजे स्ट्राइक नाही, बॉल प्लेटवरून गेलाच नाही.

क्षणभर कुणाचाच विश्वास बसला नाही. मग तिसऱ्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, “अरे मेल्या, डोळे घरी ठेवून आलास का?” आणि मैदान उसळलं. शिट्ट्या, शिव्या, पाय आपटणं. कुणी म्हणे अंपायरला चष्मा द्या, कुणी म्हणे आंधळ्यांना वाट दाखवणारा कुत्रा द्या. पकपकाक कुणी करत नव्हतं. सगळं गाव माझ्या बापाच्या बॉलसाठी भांडत होतं. अंपायर ढिम्म. पॉपने टोपीच्या कडेला बोट लावलं आणि उंचवट्यावरून खाली उतरला. जाता जाता त्याने ओस्वाल्डोच्या छातीच्या पॅडवर थाप मारली. केंड्राला कोंबडी मी परत दिली.

मी सामना संपेपर्यंत थांबले नाही, जूनला भूक लागली होती. गाडीपाशी आलो तर ती तिसऱ्या रांगेतली बाई मागून धापा टाकत आली.

“हॉलिस, तो स्ट्राइक होता.”

“नव्हता, बाई.” त्या दिवसाचं त्याचं पहिलं वाक्य. “बाहेर होता. त्याने बरोबर सांगितलं.”

“मी समोर बसले होते.”

“समोरून नाही कळत. हे बघ.” त्याने बुटाच्या टाचेने खडीत प्लेट आखली. बॉल कुठून आला, कुठे वळला, हे तो डाव्या हाताने दाखवायला लागला. हात चांगलाच थरथरत होता. बाई मधेच म्हणाली, हात हलतोय तुझा. पॉप म्हणाला, हो, आजार आहे, नीट बघ, इथून आला. तिने मान हलवली आणि दोघं पुन्हा खडीतल्या प्लेटवर वाकले. तिला ते पटत नव्हतं.

मी मागच्या सीटवर बसून जूनला पाजायला घेतलं, काच खाली केली आणि डोकं टेकलं. बाई म्हणत होती, काठाला लागला म्हणजे आत. पॉप म्हणत होता, लागलाच नाही. भांडण लांबणार होतं. मी डोळे मिटले.