शेंदराखालचा माणूस

तात्या शेंदूर लावत होते आणि शेंदरासकट म्हसोबाचा सगळा पुढचा भागच त्यांच्या हातात आला.

"अगागागा!" एवढंच ते म्हणाले आणि ती चार बोटं जाडीची खपली पोटाशी धरून मटकन बांधावर बसले. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या मांडीवर अचानक देव येऊन पडला तर तो दुसरं काय म्हणणार?

वडगाव निंबाळकरच्या शिवारात रामहरी तात्यांचा ऊस आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, आबासाहेबांचा ऊस शेजारी-शेजारी आहे. मधल्या बांधावर हा म्हसोबा. दर अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावायचा आणि नारळ फोडायचा, हा तात्यांचा चाळीस वर्षांचा नेम. चिखल असो, चारीला पाणी आलेलं असो, एकदा तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाही ते सुनेचा हात धरून आले होते. गावाला या भक्तीचं फार कौतुक. तात्यांना मात्र ते कौतुक कधी पचलं नाही, कारण ही भक्ती नसून भीती आहे हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

नात श्रेया बारामतीला कॉलेजात इतिहास शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. ती चहाची किटली घेऊन आली तर आजोबा देवाचे तुकडे गोळा करत बसलेले.

"तात्या, लागलं का तुम्हाला?"

"मला कशाला लागतंय? त्याला बघ आधी."

श्रेयाने बघितलं आणि किटली खाली ठेवून सरळ गुडघ्यांवर बसली. शेंदराखालून काळा दगड निघाला होता. ओढणीच्या टोकाने ती तो पुसत गेली, तशी खालच्या बाजूला एक आडवा पडलेला माणूस दिसू लागला. त्याच्या हातात ढाल, मागे तीन गाई. वरच्या चौकटीत दोन बायका त्याला उचलून नेत होत्या. त्याच्याही वर तोच माणूस पिंडीपुढे हात जोडून बसलेला होता, आणि अगदी शेंड्याला चंद्र आणि सूर्य कोरलेले होते.

"तात्या, हा म्हसोबा नाहीच! हा वीरगळ आहे."

"म्हंजी?"

"लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून दगड उभा करायचे. सातशे-आठशे वर्षांचा असेल. पुढं लोक विसरले, कुणीतरी शेंदूर लावला आणि झाला म्हसोबा."

तात्यांनी त्या आडव्या माणसावरून बोट फिरवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी ह्यो देव न्हाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, तात्या. माणूस आहे."

चहा पिताना तात्यांनी तोंड पलीकडे फिरवलं. श्रेयाला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. खरी गोष्ट अशी होती की तात्यांना हसू येत होतं आणि ते त्यांनी कसंबसं दाबून ठेवलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, तेव्हा तात्या तरणेबांड होते आणि तितकेच हावरेही. नांगरटीच्या वेळी बैल जरासे बांधावर घालायचे, फाळाने बांधाची कड सोलायची. यालाच बांध कोरणं म्हणतात. तीन वर्षं त्यांनी तो कोरला. आबासाहेबांच्या लक्षात आलं, तोंडातोंडी झाली आणि गोष्ट पंचांपर्यंत गेली. पंचांनी रिवाजाप्रमाणे निकाल दिला. रामहरीने आंघोळ करून ओल्या अंगाने म्हसोबावर हात ठेवायचा आणि पाच माणसांपुढे बोलायचं. ते बोलणं खरं धरायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही.

तात्यांनी हात ठेवला आणि बोलले, "म्या बांध कोरला न्हाय."

आबासाहेबांनी पुढे येऊन, त्या पाच माणसांसमोर, थोरल्या भावाचे पाय धरले. "चुकलो दादा," म्हणाले.

तेव्हापासून तात्यांच्या घरात काही वाईट झालं की त्यांना ती शपथ आठवायची. म्हैस मेली, शपथ. पोराचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, शपथ. श्रेया पोटात असताना सुनेला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तात्यांनी म्हसोबाला सांगितलं होतं, माझं काय करायचं ते कर, त्या बाळाला हात लावू नको. आणि आता त्याच बाळाने मोठं होऊन सांगितलं होतं, की तो म्हसोबा नाहीच.

घरी आल्यावर तात्या दुपारी असे गाढ झोपले, की त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, दोनदा जवळ येऊन ऐकलं, श्वास चालू आहे ना.

संध्याकाळी सारजाबाईंनी विचारलं, "अवो, आता फुडच्या अवशेला काय करायचं? शेंदूर लावायचा का न्हाय?"

"पानी घालू की," तात्या खुशीत म्हणाले. "मानसाला पानी चालतंय."

ही खुशी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली. श्रेया अंगणात फोनवर त्या दगडाचे फोटो मोठे करून बघत होती. तात्या सहज तिच्याजवळ टेकले.

"काय नाव असंल गं त्याचं?"

"लिहिलेलं नाही काही."

"मेला कशापायी?"

"गाई आहेत ना मागं. चोर गाई पळवत असतील, हा आडवा झाला असेल."

"सवताच्या गाई?"

"ते कसं कळणार? पण बऱ्याचदा गावाच्या असायच्या. म्हणून तर गाव दगड उभा करायचं."

तात्यांच्या छातीवरून जे ओझं काल उतरलं होतं ते परत येऊन बसलं, आणि या वेळी त्याचं वजन वाढलेलं होतं. देवाचं एक असतं. देवाला नारळ देता येतो, नैवेद्य दाखवता येतो, त्याच्यापुढे नाक घासता येतं, आणि देव मोठा असतो म्हणून पोटात घालतोही. पण हा कुणीतरी साधा माणूस होता. याच मातीत राबत असेल, यालाही भाऊ असेल. दुसऱ्याच्या गाईंसाठी त्याने जीव दिला. आणि आपण त्याच्या डोक्यावर हात ठेवून भावाच्या दोन हात जमिनीसाठी खोटं बोललो. तात्यांना एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षं भ्यायले होते, त्यामुळे लाज वाटायला सवडच मिळाली नव्हती.

त्यांनी टोपी घातली आणि काठी घेऊन आबासाहेबांच्या घराकडे निघाले. वाटेत गुडघे दुखायला लागले तेव्हा मनात आलं, उद्या जाऊ. पण उद्याचा भरवसा या वयात कुणी धरावा? ते चालत राहिले.

आबासाहेब पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. थोरल्या भावाला बघून उठायला लागले.

"बस, बस. उठू नगंस." तात्या खाली टेकले. इकडचं तिकडचं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून एकदम तेच आलं. "आबा, म्या बांध कोरला व्हता."

आबासाहेबांनी हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "व्हय."

"व्हय काय? म्या हात ठिवून खोटं बोललो. तीन वरसं कोरला. दोन हात आत आलो तुझ्या."

"अडीच," आबासाहेब म्हणाले.

तात्या पुढे सरकले. "तुला ठावं व्हतं?"

"आदल्या दिशी पावलांनी मोजला व्हता की."

"मग पाया कशापायी पडलास?"

"आई बसली व्हती तितं. तू हात ठिवलास तवा तिचं त्वांड बघितलं म्या. म्हनलं, आता आपुन बोललो तर हिचं एक पोरगं जातंय."

तात्यांनी ढिगातली एक शेंग उचलून सोलली आणि दाणे भावाच्या सुपात टाकले. "ऊस तुटून गेला की बांध मागं सारतो. पाच मानसं बोलिवतो. जितं बोललो तितंच उभा ऱ्हाऊन खरं सांगतो."

"पाचातली चार गेली की रं दादा."

"नवी बोलिवतो."

"बोलीव. तुझी मर्जी." आबासाहेबांनी सूप बाजूला सारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पर बांधाचं मला कवाच काय वाटलं न्हाय. तू त्या दिसापासनं माझ्या घरात जेवला न्हाईस, त्याचं वाटतंय. एक डाव एकादस, एक डाव पोटात कळ. चाळीस वरसं! प्रयाग दर दिवाळीला तुझं ताट वाढून बसायची. पुन्हा झाकून ठिवायची."

तात्यांनी मान खाली घातली. आबासाहेबांची बायको प्रयागबाई जाऊन चार वर्षं झाली होती.

"लाज वाटायची रं," तात्या म्हणाले. "तुझं अन्न कसं खाऊ?"

"ते मला ठावं. तिला कुठं ठावं व्हतं? मला म्हनायची, भावजींनी माझ्यात काय खोट बघितली? माझ्या हातचं का चालत न्हाय त्यास्नी? मरंस्तवर तेच म्हनत गेली."

"मग तिला सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगू? थोरला भाऊ खोटं बोलला म्हनून? एकदा पाया पडून मिटवलेलं परत कसं उकरू?"

आबासाहेबांची सून निकिता दारात आली. "तात्या, चहा टाकू?"

"चहा नगं," तात्या म्हणाले. "जेवाया वाढ."

अकरा वाजत होते, जेवायची वेळ झाली नव्हती. निकिताने सासऱ्यांकडे बघितलं. आबासाहेब म्हणाले, "दोन ताटं घे."

तिने घाईघाईने भाकरी थापल्या, ओल्या तुरीची आमटी गरम केली. दोघे म्हातारे स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून शेजारी बसले. तात्यांनी भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि पहिला घास घेतला.

"तिखट झालीया का?" निकिताने विचारलं. "सासूबाई करायच्या तशीच केलीया मी."

प्रयागबाई बसायच्या त्या चुलीच्या बाजूला तात्यांनी बघितलं. तिथे आता गॅसची शेगडी होती.

"हाताला लई चव हाय, बाई," ते म्हणाले.

निकिता लाजून हसली. आबासाहेब भाकरी मोडता मोडता थांबले.