मुश्ताकची सायकल

मीनाक्षीने ब्रेक दाबला, हॉर्नवर तळवा ठेवला आणि तसाच उचलला. हॉर्न वाजवायचा तरी कुणासाठी? समोर धुक्यात सायकल आडवी पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं, आणि अंबादास रस्त्याच्या कडेला वाळूत बसले होते. कुणी पाट मांडून दिल्यासारखे, निवांत.

ती दार उघडं टाकून धावली.

"लागलं का कुठं?"

"लागलं नाही गं. पोटरीत गोळा आलाय. आणि हा डावा गुडघा संपावर गेलाय."

तिने त्यांच्या पायातला बूट ओढून काढला आणि अंगठा धरून मागे दाबला.

"आई गं! माणसाचा पाय आहे, कणीक नव्हे."

"गुडघा वाकवून बघा."

"वाकत असता तर इथं बसलो असतो का?"

चौथा दिवस होता. जबल अलीहून निघून, मोठे रस्ते टाळत, हमीमच्या बाजूने ते वाळवंटात शिरले होते, आणि आता लिवा गाव बारा किलोमीटरवर राहिलं होतं. एवढं अंतर अंबादास पुढे सायकलवर आणि ती मागे गाडीत, अशी त्यांची वरात चालली होती. सातव्या खेपेला मिळालेलं लायसन्स आपल्याला नवऱ्याच्या मागे बैलगाडीच्या चालीने गाडी हाकायला उपयोगी पडेल, असं मीनाक्षीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मंदीच्या त्या हिवाळ्यात दुबईत क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. अंबादासांच्या कंपनीचा मालक नाताळात सुट्टीवर म्हणून गेला, तो परत आलाच नाही. ते तिथे स्टोअर सांभाळत होते. त्यांचा हिशेब निदान मिटला. तीस वर्षांनी व्हिसा कॅन्सल झाला आणि सामान बांधायला महिनाभराची सवड मिळाली. पण मजुरांच्या कँपातली कंपनीची माणसं अडकली होती. पगार नाही, परतीचं तिकीट नाही, वीज तोडलेली. मराठी मंडळातल्या बायका आळीपाळीने भात-डाळ पोचवत होत्या. अशात एक दिवस अंबादास कँपातून मुश्ताक गवंड्याची काळी, जड, मागे कॅरिअर असलेली सायकल घेऊन अल बर्शाच्या घरी आले आणि म्हणाले, "मी ही लिवापर्यंत चालवणार."

पैसे गोळा करायला तिथे परवानगी लागते. म्हणून पैशाला हातच लावायचा नाही, असं ठरलं. अंबादासांनी एक टप्पा पुरा केला की मंडळातल्या कुणीतरी ट्रॅव्हल एजंटाकडे जाऊन एकेका माणसाचं तिकीट परस्पर काढायचं. तसं ते होतही गेलं. उरले दोघे, मुश्ताक आणि राजन. आता ज्याची त्याची नोकरी आज होती, उद्याचा भरवसा नव्हता. आणखी कुणापुढे तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. तेव्हा मंडळातलाच चारुदत्त पुढे झाला. मरीनासारख्या महागड्या भागात ऑफिस, स्वतःचा काँट्रॅक्टिंगचा धंदा, मनाने वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट पैजेशिवाय त्याच्या हातून सुटायची नाही.

"अंबादासराव, आधी पोट बघा स्वतःचं," भर मीटिंगमध्ये तो म्हणाला होता. "ही सायकल स्वतःच्या चाकांवर लिवाच्या पेट्रोलपंपाशी आली, डिकीत बसून नव्हे, तर शेवटची दोन तिकिटं माझी. नाही आली, तर सगळ्या मंडळाला तुमच्याकडून भजी. खलास!"

मीनाक्षी तेलाची बाटली आणायला गाडीकडे वळली. बाटली नेमकी त्यांच्या पिशवीत होती. पिशवीत हात घातला तर आधी डबा लागला. कालचा. तिने झाकण उघडलं. धपाटे जसे भरले होते तसे होते, वरची लोणच्याची फोडसुद्धा हललेली नव्हती.

ती डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हे काय?"

अंबादासांनी पलीकडे पाहिलं. कुंपणाजवळ एक उंटीण उभी होती, ती त्यांच्याकडे बघत होती.

"तिच्याकडे नका बघू. ती नाही सांगणार. काल दिवसभर विचारत होते, खाल्लंत का, खाल्लंत का. हो-हो करत होतात."

"काल उपास होता."

"कुणाचा?"

"तुझा."

तिला काही कळेना. मग कळलं, आणि डबा धरलेला हात खाली आला. काल संकष्टी होती.

अंबादास पहिल्यांदा दुबईला आले तेव्हा ती मिरजेलाच राहिली होती, दोन वर्षं. त्यांच्या नोकरीला यश येऊ दे म्हणून तिने चतुर्थी धरली, ती आजवर एकही चुकवली नाही. पुढे ती इथे आली तेव्हा खिडकीतून चंद्र दिसायचा. मग इमारती वाढल्या. समोर टॉवर उभा राहिला तेव्हापासून ती निरांजन घेऊन पार्किंगमध्ये उतरायची, आणि पठाण वॉचमन स्टूल पुढे करून म्हणायचा, "बैठो बाजी, अभी निकलेगा." अंबादास मात्र तिच्यासमोर बसून खुशाल अंड्याची पोळी खायचे. "तुझा गणपती व्हिसा ऑफिसात आहे का गं, कोणत्या काउंटरला?" असं विचारायचे. तिने चंद्र पाहिला की तिचं ताट मात्र तेच वाढायचे.

आणि काल तिला आठवण राहिली नव्हती. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका तिने आपल्या हाताने भांड्यांच्या खोक्यात घातली होती, कपबशा फुटू नयेत म्हणून.

"तुम्हाला कशी आठवली?"

"इतकी वर्षं आठवड्याआधीपासून साबुदाणा आणा, साबुदाणा आणा ऐकतोय. कान आहेत मला."

"मग सांगायचं नाही होय?"

"सांगणार होतो. गाडीजवळ आलो तर तू चिवडा खात होतीस. बाईच्या तोंडात घास असताना काय सांगू? म्हटलं, घरातल्या एकाने धरली म्हणजे झालं. इथली शेवटची, ती चुकायला नको."

"आणि चंद्र?"

"बघितला की. तुला झोप लागली होती. रेस्ट हाऊसच्या मागे गेलो." ते गुडघा चोळू लागले. "केवढा होता गं! पार्किंगमधून दिसायचा तसा नव्हे. ताटाएवढा."

"मग जेवलात?"

"किचन बंद झालं होतं. तुझ्या पर्समधला एक खजूर खाल्ला."

 तिने धपाट्याचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. ते खाऊ लागले. ती खाली बसून पोटरीला तेल चोळत राहिली, चोळून झालं तरी चोळत राहिली. धुकं विरळ होत होतं आणि त्याच्यामागून तांबूस टेकड्या एकेक करून वर येत होत्या.

गाडीतला फोन वाजला. चारुदत्तच होता. तिने स्पीकरवर घेतला.

"काय वहिनी, यल्ला, चला लवकर! आम्ही सगळे पंपावर येऊन थांबलोय. साहेब कुठवर आले? का तेल तापत ठेवू?"

"येतोय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

"खोटं कशाला बोललीस?" अंबादास म्हणाले. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तिचा खांदा धरला, आणि पुन्हा बसले. बराच वेळ ते सायकलकडे बघत होते. हँडलला मुश्ताकने निघताना बांधलेली हिरवी फीत वाळूत लोळत होती. "मीना, त्या दोघांना काय सांगू मी?"

तिने ओढणी कमरेशी घट्ट बांधली. सायकल उचलली, सीटवरची वाळू झटकली.

"अगं, काय करतेस?"

"त्याने सायकल पोचवायला सांगितलंय."

"वेडी का काय! शेवटची कधी चालवलीस?"

"मिरजेला. अण्णाची. दांड्याखालून पाय घालून."

"तेव्हा तू बारा वर्षांची होतीस!"

"तुम्ही माझी चतुर्थी धरलीत ना?" ती म्हणाली. "मग बसा आता गाडीत. उजवा पाय चालतोय, गाडी ऑटोमॅटिक आहे."

आधार देऊन तिने त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं. पहिल्या खेपेला ती पडली. दुसऱ्या खेपेला सायकल एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. अंबादास खिडकीतून डोकं काढून "सोड, सोड गं," म्हणत होते. तिसऱ्या खेपेला तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. चाकं वाकडीतिकडी गेली, मग सरळ झाली, आणि मागून गाडीचा आवाज हळूच चालू लागला.

"पाणी पी!" थोड्या वेळाने मागून हाक आली.

तिला हसू फुटलं. तीन दिवस ती हेच ओरडत होती.

"ब्रेक धरून ठेवू नकोस! खांदे सैल सोड! डबा देऊ का?"

"गप्प बसाल का जरा!"

चढ आला की श्वास पुरेनासा व्हायचा, ती उतरून सायकल ढकलायची. उतार आला की वारा कानात शिरायचा आणि ओढणीचं टोक मागे उडायचं. मागे फोन वाजला तेव्हा अंबादासांनी तिलाही ऐकू जाईल असा खिडकीत धरला.

"साब, पहुँचे क्या?" मुश्ताकचा आवाज होता.

"मैं नहीं, मेमसाब चला रही हैं!"

 तो पलीकडे कुणाला तरी ओरडून म्हणाला, "अरे राजन, सुन! मेमसाब!" आणि पुन्हा इकडे, काळजीने, "साब, चेन उतरती है उसकी. बोलना, धीरे."

अठ्ठावीस वर्षांत मीनाक्षीने हा देश गाडीच्या काचेतून पाहिला होता, आणि तोही शारजापासून अल बर्शापर्यंत. दर उन्हाळ्यात म्हणायची, एकदाचं हे संपू दे, आपल्या घरी जाऊ. मिरजेच्या फ्लॅटचे पडदेसुद्धा तिने कधीचे निवडून ठेवले होते. शेख झायेद रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हा अंबादास हळहळले, आपल्याला काही तिच्यात बसायला मिळायचं नाही. ती म्हणाली होती, नाही तर नाही. आता धुकं पार उठलं होतं. डाव्या हाताला खजुरांच्या बागा लागल्या. ओल्या मातीचा वास आला, पाटाच्या पाण्याचा. त्यांच्यामागे वाळूच्या टेकड्या होत्या, उन्हाने शेंदरी झालेल्या, आणि त्यांच्यावर कुणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं. असं काही इथे होतं, इतकी वर्षं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

पंप लांबूनच दिसला. आधी गाड्या, मग माणसं. कुणीतरी पाहिलं, कुणीतरी ओरडलं, मग सगळेच ओरडू लागले. चारुदत्त रस्त्यापर्यंत धावत आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"अहो, वहिनी आहेत! वहिनी! पोचली, सायकल पोचली!" त्याने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला होता. "हॅलो, हां, दोन तिकिटं, आत्ताच्या आत्ता बुक कर. मुश्ताक आणि राजन. हबीबी, पैसे मी देतो, तू बुक कर! वहिनी, इकडे, इकडून आत!"

पंपाचा उतार उजवीकडे होता. बायका हात हलवत होत्या. कुणीतरी आरतीचं तबकसुद्धा आणलं होतं.

मीनाक्षीने सगळ्यांकडे पाहून मान डोलावली. तिचे पाय फिरत राहिले. चारुदत्त मागे पडला, पंपाची पाटी मागे पडली, तबक धरलेली बाई मागे पडली. समोर बागांमधून रस्ता सरळ पुढे गेला होता, रिकामा.

बऱ्याच अंतरावर गेल्यावर तिने मान वळवली. गाडी पंपाच्या तोंडाशी थांबली होती, उजवा दिवा लुकलुकत होता.

मग तो बंद झाला, आणि गाडी हळूहळू तिच्या मागून येऊ लागली.