मांडवाखालचा पर्जन्यमापक

सकाळी साडेआठला पावसाची नोंद घ्यायला तिनं हवामान केंद्राच्या कुंपणात पाऊल टाकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागतिक हवामान दिनाचा मांडव थेट पर्जन्यमापकावर! का, तर पाहुण्यांच्या फोटोत मागे उपकरणं दिसावीत म्हणून. काल दुपारीच तिनं साहेबांना हात जोडून सांगितलं होतं, तेवढा मापक मोकळा ठेवा. साहेबांनी मान डोलावली होती. त्यांची मान काय, कशालाही डोलते.

पहाटे तासभर धो धो पाऊस झाला होता. येताना तिच्या चपला चिखलात रुतल्या होत्या. आणि मापकातली बाटली काढून बघते तर आत थेंब नाही!

या कुंपणातला पाऊस आधी तिच्या वडिलांनी एकोणीस वर्षं मोजला, मग तिनं बावीस. ताप असो, घरात लग्न असो, आई गेली तो दिवस असो, एकाही दिवसाची नोंद चुकली नव्हती. ती घरी परतली की बाबा दारातच विचारत, "आज किती?" जेवलीस का, दमलीस का, हे सगळं नंतर. त्या एकेचाळीस वर्षांसाठीच आज बापलेकीचा सत्कार होता.

"अहो, एवढं काय त्यात?" साहेब म्हणाले. "विमानतळावर बारा मिलिमीटर झालाय. बारा लिहून टाका."

"विमानतळ नऊ किलोमीटरवर आहे, साहेब."

"मग अकरा लिहा! सत्काराच्याच दिवशी खाडा दाखवणार? निदान वडिलांचा तरी विचार करा."

बाबा सहा वाजल्यापासून इस्त्रीचा सदरा घालून घरी तयार बसले होते. बारा लिहिलं तर कुणाला कळणार होतं? तिनं पेन उचललं आणि नोंदवहीत लिहिलं, "नोंद नाही. मापकावर मांडव." साहेबांच्या नाकावर टिच्चून खाली सही ठोकली.

दहा वाजता साहेबांनी तिच्या हातात मानपत्र ठेवलं आणि माइकवर गर्जना केली, "एकेचाळीस वर्षं, एकही खाडा नाही!" टाळ्या पडल्या. तिनं माइक ओढूनच घेतला.

"खाडा आहे. आजचा. पहाटे पाऊस पडला आणि तो आम्ही मोजला नाही. हवामान दिन साजरा करायला आम्ही मापकावरच मांडव घातला!"

एक पाहुणा गंमत समजून हसला. साहेब सारवासारव करायला लागले. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पहिल्या रांगेतल्या बाबांकडे बघायचं धैर्य गोळा करत होती.

"आज किती?" बाबांनीच विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"तसंच लिहिलंस?"

"तसंच."

"शाईनं?"

"शाईनं."

बाबा काठी टेकत उठले. मंचाकडे न येता ते कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले आणि मांडवाच्या दोराची गाठ सोडायला लागले.

"अहो आजोबा, पाहुणे बसलेत खाली!" साहेब ओरडले.

"बसू देत. ढग पुन्हा भरून आलेत. आता पडेल तो उद्याच्या नोंदीत. तो तरी मोजायचाय."

गाठ पक्की होती आणि बोटं म्हातारी. तिनं मानपत्र खुर्चीवर टाकलं आणि ती दुसऱ्या खांबाकडे धावली.