पदराआडचं वजन

"लेकरू आजोळी गेलंय," रुक्माबाईनं सांगितलं, आणि तेवढ्यात आतून बारीक कण्हण्याचा आवाज आला.

मी करुणा. लहान लेकरांच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत माझे केस पिकले. शिरड शहापुरात पोरं लांबूनच ओरडतात, वजनवाली बाई आली म्हणून. दर महिन्याला मी या घरी यायचे आणि रुक्माबाईच्या सुनेचं, सपनाचं, बाळ तोलायचे. बाळ कसलं, लोण्याचा गोळा! ऑफिसात मी त्याचं कौतुक करत सुटायचे.

आता सपना दारात उभी राहून रडायला लागली. दरडावून विचारलं तशी भडाभडा बोलली. मला दाखवत होते ते शेजारी राहणाऱ्या तिच्या चुलत जावेचं पोरगं. आजोळी गेलं होतं ते. हिचं बाळ मला कधी दाखवलंच नव्हतं.

संताप असा आला, की म्हातारीला गदागदा हलवावं.

"काहून केलं असं, मावशी?"

"पैल्या नातवाला अशाच एका बाईनं तोललं. गुटगुटीत हाय म्हनली, समद्यांसमोर. नजर लागली. आठवड्यात गेलं वो लेकरू. ह्ये बी गेलं तर आमी काय करावं?"

राग कुठल्या कुठे गेला. आत धावले. बाळाचे डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, ओठ कोरडे. जुलाबानं पार सुकलेलं. कधीपासून, ते विचारायचंही माझं धाडस झालं नाही. ऑटोवाल्या लालसिंगला हाक मारली आणि बाळाला घेऊन आम्ही तिघी दवाखान्याकडे निघालो. रस्ताभर मी त्याच्या नाकाशी बोट धरून होते. गचका बसला की श्वास कळेनासा व्हायचा आणि माझाच जीव जायचा.

दवाखान्यात सिस्टर म्हणाली, आधी वजन करा, त्याशिवाय सलाईन किती द्यायचं ते ठरत नाही. रुक्माबाईनं नातवाला छातीशी आवळलं. सोडेचना. सपना तिच्या पाया पडली. मग म्हातारीनं आपल्याच हातानं बाळ काट्यावर ठेवलं, आणि आकड्यांवर पदर धरला.

"तुमी एकल्याच बघा," ती मला म्हणाली. "मोठ्यानं बोलू नका."

मी पदराखाली डोकावले. आयुष्यभर लोकांच्या अंगणात वजनं खणखणीत वाचली मी. सिस्टरच्या कानाशी तोंड नेलं आणि तो एवढासा आकडा हळूच सांगितला.