कागदातला जिताडा

प्रणितचे हात कधी गप्प बसत नाहीत, ही गंगाबाईची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. चहाला बसला तरी कप एका हातात, आणि दुसरा कुठे गेला त्याचा पत्ता नाही.

"मानसाचा हात दिसला पायजे," ती सुनेला म्हणायची. "ज्याचा हात दिसत नाय, त्याच्या पोटातलं काय दिसनार?"

"जादूवाल्याचा हात तसाच असतो, आई," भामा हसून वेळ मारून न्यायची.

प्रणित उरणचा, जातीतला, बंदरात कायम नोकरीला. सुट्टीला नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये पोरांच्या वाढदिवसाला जादू करायचा. ड्रॉइंगच्या मोठ्या पॅडवर फुगा काढला की कागदाआडून फुगा बाहेर. अशाच एका वाढदिवसाला भामाच्या लेकीने, समृद्धीने, त्याला पाहिलं आणि पोरगी हातची गेली. घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने कागदावर गजरा काढला आणि लगेच खरा गजरा समृद्धीच्या हातात ठेवला. काशिरामने, म्हणजे गंगाबाईच्या मुलाने, लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. गंगाबाईने गजरा हुंगून पाहिला. मोगरा खरा होता. म्हणजे कुठल्या तरी फुलवालीकडचा होता. टोपलीत भरलं नाही ते टोपलीतून निघत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही.

आज तो तिचा शब्द घ्यायला येणार होता. कोळीवाड्यात थोरल्या बाईने शब्द दिल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नाही.

मच्छीबाजारात गंगाबाईची एक रीत होती. एखादा मासा ठरलेल्या गिऱ्हाइकाला बोलला, म्हणजे कबूल केला, की ती त्याच्या शेपटाचा कोपरा कातरून ठेवायची. मग ती जागेवर नसली तरी तो मासा दुसऱ्याला जायचा नाही. त्या सकाळी खाडीचा एक देखणा जिताडा आला, तो तिने आशालताबाईंसाठी कातरून ठेवला. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. दुपारी मासा जागेवर दिसला नाही, तेव्हा भामा म्हणाली, "त्यांची कामवाली घेऊन गेली." विषय संपला.

संध्याकाळी प्रणितने पॅड मांडीवर घेतलं. "आजी, आज तुम्ही सांगाल ते काढतो."

"ताडगोळा काढ."

तो हसला. "कोळणीच्या घरात येऊन ताडगोळा? मासाच काढतो."

"मंग मला इचारलंस कशाला?"

सगळे हसले, गंगाबाई सोडून. ती त्याच्या कोपरावर नजर लावून बसली. चित्र मात्र झकास जमलं, खवला न् खवला, आणि पंख्यासारखं शेपूट. त्याने कागदाआड हात घातला आणि बाहेर काढला तो गार पाणी गळणारा जिताडा.

काशिरामच्या टाळ्या सुरू झाल्या. "तुमच्या आवडीचा हाय, आई," भामा म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

गंगाबाईने मासा हातात घेतला, उलटा केला. मग कागदाकडे पाहिलं.

"तुझ्या कागदावर याचं शेपूट अख्खं हाय. भाईर येताना कुनी कातरलं?"

"अडकलं असेल, आजी, कागदात."

यावर कोणी हसलं नाही. काशिरामचे हात मांडीवर आले. त्या घरात कातरलेल्या शेपटाचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. फक्त पाहुण्याला नव्हता.

"हा आशालताबाईंना बोललेला मासा. तुझ्याकडं कसा आला?"

बाजारात उचलला म्हणाला असता, कुणी आणून दिला म्हणाला असता, तरी ती चार शिव्या घालून गिळून बसली असती. समृद्धीच्या तोंडाकडे बघून तिने तेवढी तयारीही केली होती. पण प्रणितने रुमालाला हात पुसले आणि सरळ भामाकडे बोट केलं.

"मला काय विचारता? काकींनी दिला. आजी जिताड्याला भुलतात, असं त्याच म्हणाल्या. मी तर नको म्हणत होतो."

भामाने मान वर केली. "दिला, आई. पोरीसाठी दिला. पन नको कदी म्हनाला हा? फोन करकरून मागितलान."

समृद्धी त्याच्याकडे वळली. "माझ्या समोरच फोन केलास ना रे तू?" एवढंच म्हणाली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. तो आता पॅडची पानं चाळत होता. गंगाबाईला पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात एकदम दिसले.

तिने मासा ताटात ठेवला. "भामा, तुझं माझं नंतर बघू. आदी आशालताबाईंकडं जा, आन काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग." मग ती प्रणितकडे वळली.

"तुझ्या जादूचा मला राग नाय. बाजारात बसनारी मानसं आमी, थोडी लबाडी आमी पन करतो. पन धरला गेलास तवा पयलं बोट तू माझ्या सुनंकडं केलंस, आन वर खोटं जोडलंस. उद्या तुझ्या घरात काय बिगडलं, तर तेच बोट माझ्या नातीकडं येनार. पोरगी तुला देनार नाय. चहा ठेवलाय, तो पी आन जा."