उल्हासकाकांचं पुसलेलं वाक्य

मी बोलतोय, म्हणजे खरं तर दुसऱ्याचं बोलणं खोडून काढतोय. तोच माझा जन्मजात धंदा. मी एक प्राचीन ग्रीक भाष्यग्रंथ. माझ्या कर्त्याच्या कितीतरी आधी काही विचारवंत होऊन गेले. सृष्टी कशाची बनली? कोणी म्हणे पाण्याची, कोणी म्हणे हवेची. माझ्या कर्त्यानं एकेकाचं वाक्य उतरवून घेतलं आणि हा कसा चुकला, ते खाली सविस्तर लिहिलं. पुढे त्या बिचाऱ्यांची पुस्तकं नाहीशी झाली. वाक्यं उरली ती माझ्या पोटात.

माझा सध्याचा देह इंग्रजी भाषांतराचा, चांगला जाडजूड. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी अकरा वर्षं पडून होतो. विद्यार्थी मला उचलायचे आणि वजन बघूनच परत ठेवायचे. एका बर्फाळ दुपारी बस चुकली म्हणून उल्हासकाका आत शिरले आणि मला घरी घेऊन गेले.

काकांचा जन्म शहरांना शुद्ध पाणी पुरवण्यात गेलेला. पाण्याच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'अखेर एक शहाणा भेटला!' त्यांच्या पत्नी पद्मजाकाकू फुप्फुसांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांनी खाली शाईनं ठोकून दिलं, 'पाण्याशिवाय माणूस तीन दिवस काढतो. हवेशिवाय तीन मिनिटं काढून दाखवा.'

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. घर शोभत होतं मला!

दोन वर्षं असं मजेत भांडण चाललं. मग टेक्सासमधल्या शुगर लँडहून त्यांच्या मुलीचा, अंतराचा, फोन आला. "घर विका आणि इकडे या. इथे बर्फ नाही, मी आहे."

काका म्हणाले, "आईला विचार. तिला हवं असेल तर येऊ."

काकू म्हणाल्या, "यांच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही गं. यांच्यासाठी येते मी."

झालं! दोघांनी एकमेकांसाठी होकार दिला आणि दोघांचेही चेहरे पडले. माणसं पानभर वाद घालतील, पण मनातलं एक वाक्य सरळ बोलणार नाहीत.

माझ्या एका पानावर एक जण म्हणतो, प्रत्येक वस्तू आपल्यासारख्या वस्तूकडे ओढली जाते. तिथे काकांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'मी या गावाकडे ओढला जातो. मला शुगर लँडला जायचं नाही.' समास भरला. संध्याकाळी काकूंनी ते वाचलं, पुढच्या पानाच्या तळाशी काहीतरी खरडलं आणि मला मिटलं. सकाळी काका घाबरले: हिनं हे वाचलं तर? त्यांनी आपलं वाक्य खोडरबरानं पुसून टाकलं आणि पान न उलटताच मला फडताळात कोंबलं.

अंतरा सामान बांधायला आली. "हे जाडं पुस्तक डोनेट करू ना?" असं म्हणत तिनं मला खोक्यात टाकायला उचललं, आणि मी तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडलो. कसा पडलो, ते विचारू नका. पडलो तो मात्र नेमकं काकूंनी खरडलेलं पान उघडून.

लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलेलं मराठी जुळवत ती मोठ्यानं वाचू लागली, "'मला शु-गर लँडला जा-यचं नाही.' साफ चूक! तुम्ही हे माझ्यासाठी लिहिता आहात. माझं मन इथे अडकलंय, हे तुम्हाला कळलंय, म्हणून."

चिकटपट्टी टाकून काका पुढे आले, मागोमाग काकू.

"अगं, ते मी माझ्यासाठीच लिहिलं होतं!" काका म्हणाले.

काकूंनी मागचं पान उलटून पाहिलं. "मग पुसलंत कशाला?"

"तुला जायचंय असं वाटलं."

"मला? त्या उकाड्यात?"

अंतरा खोक्यावर बसली. "यू गाइज आर इम्पॉसिबल," ती हसत म्हणाली. मग पायाचा अंगठा चोळत म्हणाली, "मला वाटलं, इथे तुम्ही एकटे पडाल."

काकू तिच्याशेजारी बसल्या. "एकटे कसे गं? भांडायला हे आहेत. पण जानेवारी-फेब्रुवारी तुझ्याकडे. नक्की."

घर विकणं कॅन्सल झालं.

सध्या मी स्वयंपाकघरात असतो. अंगावर हळदीचे दोन डाग आहेत. वाद पोकळीवर आलाय: रिकामी जागा खरोखर असते का? काकूंच्या मते असते, आणि पुराव्यादाखल त्यांनी काकांच्या डोक्याचं छोटंसं चित्र काढलंय.

वाचकहो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जाड्या पडला असेल, तर त्याला रद्दीत घालू नका. निदान एकदा त्याच्याशी भांडून बघा. आता रजा द्या. काकांनी चित्र पाहिलंय, आणि ते पेन शोधताहेत.