आबांच्या हातातला धोटा

मी एक जुना धोटा आहे. मागावर आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो ना, तोच मी. अंग लाकडी आणि दोन्ही टोकं लोखंडी. मित्रांनो, सुरतेच्या बमरोलीत मी सहा वर्षं पळालो. खानदेशातून आलेले धुडकूआबा माझे कारागीर. माझ्या पोटातली सुताची कांडी संपली की माग थांबायचा, आणि माग थांबला की आबा हातातला चहा टाकून धावत यायचे. "धुडकूचा माग कधी उभा दिसत नाही," असं शेठ चारचौघांत म्हणायचा, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं ते माझ्याच. लाकडाला कसलं मांस, ते विचारू नका.

पुढं माझं अंग चिरलं आणि मी भंगारात गेलो. आबांनी मला उचलून घरी आणलं खरं, पण माळ्यावर टाकून विसरूनही गेले. मी पुष्कळ दिवस रुसून होतो. १९९६ साली एके सकाळी त्यांनी मला खाली काढलं, हातात धरलं आणि मग सोडेचनात. तोवर ते पोटच्या मुलाचं नाव विसरले होते. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. माझा रुसवा तिथंच संपला.

मुलगा योगराज मागावर बारा तासांच्या पाळीला जायचा, सून सुषमा साड्यांच्या घड्या घालायला. एकदा आबा पेटता स्टोव्ह तसाच ठेवून बाहेर निघून गेले. घर थोडक्यात वाचलं. शेजारचा मगन म्हणाला, "आबाले खाटले बांधी ठेवा."

सुषमाला रडूच फुटलं. "ढोर शेतस का आबा?"

दिवसभर म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी दोन ठिकाणं त्यांनी पाहिली. एक गावाबाहेर, बागेतलं, अगदी शांत. दुसरं बमरोलीतच, जयश्रीबेन चालवत होत्या. पण त्याच्या भिंतीपलीकडेच मागांचा कारखाना! योगराजनं ते बघताक्षणी नाकारलं. स्वतःचे कान दिवसभर किटलेले, त्याला शांततेपरतं सुख कुठलं माहीत असणार? वडिलांनाही तेच द्यावं, असं त्याला मनापासून वाटलं. चूक झाली, पण ती मायेची होती.

बागेतल्या जागी माझी टोकं टोचतील म्हणून मला कपाटात ठेवलं. बाहेर सगळं सामसूम. थोड्या वेळानं आबांचा आवाज आला, "कांडी सरनी! माग उभा शे!" मग आबा दारं धडधडवू लागले. मला सगळं कळत होतं हो, पण सांगणार कसं? तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी हात जोडले. उद्यापासून आणू नका, म्हणाल्या. आता सुषमाची नोकरी जाणार, नाहीतर आबांना दोरी, एवढंच उरलं होतं.

परतताना रिक्षा बमरोलीच्या गल्लीत वळली आणि मागांची खटखट कानावर आली. माझ्यावरची आबांची मूठ सैल झाली. "हां, माग चालू व्हयना," म्हणत ते मागं टेकले. सुषमानं त्यांच्याकडं पाहिलं आणि रिक्षा जयश्रीबेनच्या दारात थांबवली.

संध्याकाळी योगराज चिडला. "त्या गोंगाटमा?"

"तुमले शांती पायजे," सुषमा म्हणाली, "आबाले माग पायजे."

दुसऱ्या दिवशी सुषमाबरोबर योगराज स्वतः सोडायला आला. "आवो काका, बेसो," जयश्रीबेन म्हणाल्या. त्यांनी माझ्या टोकांना चिंध्या बांधल्या आणि मला आबांच्याच हाती दिलं. आबांनी पलीकडच्या मागांनी थरथरणाऱ्या भिंतीला तळहात लावला. वरण-भात जेवले, आणि भर खटखटीत गाढ झोपी गेले! दारात उभ्या योगराजचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत, हसत तो पाळीला गेला. कित्येक महिन्यांनी सुषमाही मागं वळून न पाहता कामाला गेली. माझाही घोर मिटला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाला असा विसर पडला आणि त्याच्यासाठी जागा शोधायची वेळ आली, तर तुम्हाला काय आवडतं ते बाजूला ठेवा. तो कशात जगला, ते आधी आठवा. त्याला आठवत नसेल. तुम्हाला तर आठवतं ना?